लांब पल्ल्याच्या धावण्याचा ताण, शरीरावरचा आणि मनावरचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५ किलोमीटरपासून मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींसाठी नेमाने सराव करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरांमधले पेसचे आकडे ५ किमी २० मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ४:०० (चार मिनिटं) या वेगाने धावणाऱ्याचे आहेत. तुमचा वेग वेगळा असेल तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

१. रोजच्या सरावात त्रास व्हायलाच हवा का? झाला नाही तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

नको. आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस कठीण आणि बाकीचे खरोखर सोपे, एवढं पुरतं. सोपं म्हणजे शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल असं. आपल्या उदाहरणातल्या धावपटूसाठी किलोमीटरला ५:१५ ते ५:५०. स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढणं, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढणं, स्नायुबंध आणि हाडं भक्कम होणं ही कामं या संथ किलोमीटरमध्येच होतात. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाची मांडणी तपासली, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं सोप्या जोराची निघाली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सोप्या दिवशी ४:४५ ने धावणं. त्यात घाम निघतो, समाधानही मिळतं. पण पाय भरून येतात आणि दोन दिवसांनी ४:०० ची रेप (वेगाने धावायचा एक ठरलेला तुकडा) ४:०८ वर येते. मग धावपटू म्हणतो, माझी सहनशक्ती कमी पडते. खरं तर ती चुकीच्या दिवशी खर्च झालेली असते.

२. हे नुसतं दमणं आहे की दुखापत, धावता धावता कसं ओळखू?

दमल्याची वेदना दोन्ही पायांत सारखी, पसरलेली आणि बोथट असते. वेग कमी केला की मिनिटाभरात उतरते. दुखापतीची वेदना बहुधा एकाच बाजूला असते, बोट ठेवून दाखवता येते, टोचते आणि दर किलोमीटरला वाढत जाते. चाल बदलली, लंगडायला लागलात, तर तिथेच थांबा, मग वेदना कितीही कमी असो.

मधल्या प्रकारासाठी शून्य ते दहाचं माप वापरा. वेदना ३ पर्यंत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीइतकीच असेल, तर सराव हलका करून चालू ठेवता येतो. यातली एकही अट मोडली की विश्रांती.

स्नायुबंध मात्र फसवतात. टाचेच्या वरचा जाड बंध दुखत असेल तर पहिला किलोमीटर कुरकुर होते, मग सगळं मोकळं होतं आणि माणूस खूश होऊन १२ किमी धावून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उतरताना पहिली पाच पावलं टाकवत नाहीत. म्हणून इथे धावतानाच्या वेदनेवर जाऊ नका, सकाळच्या आखडण्यावरून ठरवा.

३. पल्स मोजणारं घड्याळ नाही. जोर किती लावला हे कसं मोजायचं?

बोलून पाहा. पूर्ण वाक्य निघालं तर सोपं, तीन-चार शब्दांचे तुकडे निघाले तर टेम्पो (न थांबता टिकवायचं जलद धावणं), एखादाच शब्द निघाला तर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत धावायचे वेगवान तुकडे). सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला १ ते १० मध्ये एक आकडा द्या आणि मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं सोपं धावणं, जोर ३, म्हणजे १८०. वॉर्म-अपसकट ५० मिनिटांचे इंटरव्हल, जोर ८, म्हणजे ४००. आठवड्याची बेरीज वहीत लिहा. बेरीज एकदम तिपटीने फुगलेला आठवडा सापडला, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांतल्या कुरकुरीचं कारण बहुतेक वेळा त्यातच असतं.

घड्याळ असलं तरी ही वही ठेवावी असं आमचं मत आहे. ऊन, अपुरी झोप किंवा कॉफी यांनी पल्स बदलते. तुम्ही दिलेल्या आकड्यात हे सगळं आपोआप येतं.

४. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. लॅक्टिक ॲसिड साचलंय का?

नाही. धावताना तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं आणि बरंचसं इंधन म्हणून वापरलंही जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे असतं. स्नायू ताणला जात असतानाच त्याच्यावर भार आला की या इजा होतात, म्हणून उतारावरून धावल्यावर मांड्या जास्त धरतात. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं आणि आपोआप ओसरतं. हलकं चालणं, सायकल चालेल. जोरात मालिश किंवा दुखऱ्या स्नायूला ताणणं नको.

उतार असलेल्या शर्यतीची तयारी करत असाल, तर तीन-चार आठवडे आधी एकदा मध्यम उतारावर सराव करा. तोच भार दुसऱ्यांदा आला की स्नायू खूप कमी दुखतो.

लघवी गडद तपकिरी झाली, स्नायू सुजून ताठरले आणि अशक्तपणा आला, तर मात्र हे साधं अंग दुखणं नाही. स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण येत असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

५. धावताना कुशीत कळ येते. तशीच सहन करत धावू का?

गरज नाही. वेग कमी करा, दुखऱ्या जागी बोटांनी दाबा, किंचित पुढे वाका आणि ओठ आवळून श्वास पूर्ण बाहेर सोडा. बहुतेकांची कळ दोन-तीन मिनिटांत जाते. वारंवार येत असेल तर धावण्याआधीच्या दोन तासांत पोटभर जेवण, एकदम ढोसलेलं पाणी किंवा गोड सरबत झालं होतं का, ते तपासा.

६. ६ × १००० मीटरच्या चौथ्या रेपला मन कच खातं. पाय चालतात, पण नको वाटतं. काय करू?

चौथीच का? सुरुवातीची उमेद संपलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो. शर्यतीतही अंतराच्या तिसऱ्या पाव भागात हेच होतं: ट्रॅकवरच्या ५००० मीटरच्या साडेबारा फेऱ्यांपैकी सातवी ते नववी फेरी बहुतेकांची सगळ्यात हळू असते. म्हणजे चौथी रेप ही तुमची उणीव नाही, शर्यतीतला तोच टप्पा सरावात भेटतोय.

आधी तपासा की पहिली रेप कितीत गेली. ठरले होते ४:०० आणि गेली ३:५२ मध्ये, तर चौथीचं दुखणं तुम्ही पहिल्या रेपमध्येच विकत घेतलेलं असतं. पहिल्या दोन रेप ४:०० ते ४:०२ मध्येच काढा, कंटाळवाण्या वाटल्या तरी.

मधल्या विश्रांतीत (या सत्रात अडीच मिनिटं, हळू जॉग) गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेल्या अवस्थेत पुढच्या रेपचा निर्णय घेऊ नका. त्या क्षणी प्रत्येकाचं उत्तर ‘नको’ असंच असतं. शेवटच्या ३० सेकंदांत ताठ व्हा, रेषेकडे चाला, मगच ठरवा.

रेप सुरू झाली की तिचे तीन तुकडे करा. पहिले ४०० मीटर फक्त ९६ सेकंदांचा ठेका पकडायचा, बाकी काही नाही. दुसऱ्या ४०० मध्ये खरी कसोटी असते. तिथे जबडा सैल, खांदे खाली, मुठी न आवळता अंगठा तर्जनीवर अलगद टेकलेला आणि लक्ष श्वास बाहेर सोडण्यावर. दातओठ खाऊन धावलं की मान आणि खांदे आवळतात आणि त्याच वेगाला जास्त ताकद लागते. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे शर्यतीच्या कठीण टप्प्यात हसताना दिसतो, तेही शरीर सैल ठेवण्यासाठीच. शेवटच्या २०० मध्ये हात जोरात मागे न्या, पाय मागोमाग येतात.

स्वतःला एक सवलत द्या आणि एक बंदी घाला. सवलत अशी की हळू होता येईल. बंदी अशी की रेपच्या मध्ये थांबायचं नाही. थांबायचंच असेल तर रेघ ओलांडल्यावर. पण जोर वाढवूनही लागोपाठ दोन रेप ५ सेकंद किंवा त्याहून जास्त हळू गेल्या, तर सत्र तिथेच बंद करा. त्यापुढच्या रेप वेग शिकवत नाहीत, फक्त बिघडलेली चाल पक्की करतात.

७. लक्ष शरीराकडे ठेवावं की दुसरीकडे वळवावं?

सोप्या दिवशी कुठेही भटकू द्या. गप्पा, गाणी, काहीही. कठीण दिवशी आणि शर्यतीत लक्ष आत हवं, पण ‘किती दुखतंय’ याकडे नको. ज्या गोष्टी बदलता येतात, त्यांच्याकडे हवं: श्वास, पावलांचा ठेका, खांदे, पुढच्या धावपटूचं अंतर. स्वतःशी बोलायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. छोटं असावं आणि सूचना देणारं असावं, उदाहरणार्थ ‘खांदे सोड’ किंवा ‘हा खांब, मग पुढचा’. ‘तू भारी आहेस’ छापाची वाक्यं नवव्या किलोमीटरला स्वतःलाच पटत नाहीत.

हेडफोन लावून केलेला कठीण सराव आम्हाला फारसा मानवत नाही. बऱ्याच शर्यतींत ते चालत नाहीत, आणि मग स्वतःच्या धापेचा आवाज पहिल्यांदा शर्यतीतच ऐकू येतो.

८. दिवसभर फक्त खुर्चीत बसून काम केलं, तरी संध्याकाळी इंटरव्हल जड जातात. हा आळस आहे का?

आळस नाही. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम केल्यावर लोकांनी सायकलवर साधारण १५ टक्के लवकर हार मानली. हृदय आणि स्नायू जवळपास पूर्वीसारखेच काम करत होते. तोच भार सुरुवातीपासून जास्त कठीण वाटत होता, एवढाच फरक.

शक्य असेल तर आठवड्यातलं सगळ्यात कठीण सत्र सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा. संध्याकाळीच करायचं असेल तर काम आणि सराव यांच्यामध्ये २०-३० मिनिटं मोकळी ठेवा. फोनही नको, कारण तोही डोकं दमवतोच. कॉफी चालत असेल तर सरावाच्या तासभर आधी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन जाणवणारा जोर कमी करतं, पण उशिराच्या सत्रात ते झोप खातं. झोप गमावून मिळवलेला फायदा आतबट्ट्याचा आहे.

९. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि सकाळी पोटात गोळा येतो. यामुळे वेळ बिघडेल का?

एका रात्रीच्या अर्धवट झोपेने सहसा काही बिघडत नाही. आदल्या आठवड्याच्या झोपेला जास्त किंमत आहे, ती जपा. सकाळची धडधड, कोरडं तोंड आणि वारंवार स्वच्छतागृहात जावं लागणं ही अंग तयार होत असल्याची चिन्हं आहेत. ती दाबायला गेलात तर वाढतात. हातांना काम द्या: बुटांची नाडी बांधणं, बिब (छातीवरचा क्रमांक) लावणं, १० मिनिटं जॉग, ८० मीटरच्या चार वेगवान धावा, सगळं ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळी. हा क्रम सरावाच्या कठीण दिवसांत किमान पाच-सहा वेळा घोटलेला असावा.

१०. सरावात जमतं ते शर्यतीत जमत नाही. मन कमकुवत आहे का?

मनाकडे बोट दाखवण्याआधी पहिल्या किलोमीटरचा स्प्लिट (त्या टप्प्याला लागलेली वेळ) बघा. ४:०० ची तयारी असताना पहिला किलोमीटर ३:४५ मध्ये गेला, तर चौथ्या किलोमीटरला जे होतं ते शरीरशास्त्र आहे. दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही सरावातच शर्यत धावता: दर आठवड्याला मित्रांशी चुरस, दर टेम्पोला नवा पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ). टेम्पोचं काम ४:१५ ते ४:२० ने २० मिनिटं, असं आहे. संपल्यावर ‘अजून पाच मिनिटं चाललं असतं’ असं वाटायला हवं. ही दोन्ही कारणं नसतील, तर लहान आणि बिनमहत्त्वाच्या शर्यती जास्त धावा. माणसांच्या गर्दीत धावण्याची सवय दुसऱ्या कशाने होत नाही.

११. मॅरेथॉनमध्ये ३० किमीनंतर पाय दगड होतात. जिद्दीने पार करता येतं ना?

थोडंफार. धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती बव्हंशी इंधनाची गोष्ट आहे. स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) मॅरेथॉनच्या वेगाला सुमारे दीड ते दोन तास पुरतं. ते संपत आलं की शरीर चरबीवर वळतं, तिच्यातून ऊर्जा हळू मिळते आणि वेग कोसळतो. मेंदूलाही साखर कमी पडते, म्हणून याच सुमाराला निराशा दाटून येते. ती निराशा खरी मानू नका, आधी खा.

अडीच तासांपर्यंतच्या श्रमाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्याहून लांब असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण पोटाला सवय लावली असेल तरच. पहिला घास किंवा जेल (कर्बोदकांचं छोटं पाकीट) ३०-४० मिनिटांनी घ्या, भूक लागायची वाट पाहू नका. दर लाँग रनला (सरावातल्या लांब धावण्याला) तोच ब्रँड, तेवढीच मात्रा, सोबत पाणी. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेतलेल्या जेलने पोट बिघडलेल्यांची पत्रं आम्हाला सगळ्यात जास्त येतात.

१२. उन्हात सराव केल्याने कणखरपणा येतो का? पाणी किती प्यावं?

उष्णतेची सवय १० ते १४ दिवसांत होते: घाम लवकर सुटतो, रक्तातला द्रव वाढतो, त्याच वेगाला पल्स कमी राहते. पण सुरुवात ३०-४० मिनिटांच्या सोप्या धावण्याने करायची आणि त्या दिवसांत पेस विसरायचा. भर उन्हात इंटरव्हल केले तर वेग पडतो, ताण मात्र पूर्ण लागतो.

पाणी तहानेप्रमाणे. मारून मुटकून प्यायलेलं पाणी धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, उलटी, गोंधळ आणि झटके येऊ शकतात. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. धावून वजन वाढलं असेल तर तुम्ही नक्कीच जास्त प्यायलात.

सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असू शकतं. आधी जागच्या जागी थंड पाण्यात बसवा किंवा सतत पाणी ओता, मदत त्याच वेळी बोलवा. आधी गार करायचं, मग हलवायचं.

१३. नडगी दुखते. सगळे म्हणतात शिन स्प्लिंट्स आहे, धावत राहा. राहू का?

बोटाने चाचपून बघा. नडगीच्या आतल्या कडेने पाच सेंटीमीटर किंवा जास्त लांबीची पट्टी दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट्स. अंतर निम्म्यावर आणा, मऊ पृष्ठभागावर धावा, दोन-तीन आठवडे इंटरव्हल बंद, आणि पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करा: एका पायावर टाच उचलणं, १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

दुखरी जागा नाण्याएवढी असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर एकदा उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला ताणाची चीर असू शकते. धावणं त्याच दिवशी बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर बरेचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ यावर निर्धास्त राहू नका. एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. नडगीच्या साध्या चिरेला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. जांघेत खोल दुखणं (खुब्याच्या हाडाची मान), पावलाच्या वरच्या मध्यभागी दुखणं आणि नडगीच्या पुढच्या कडेवरचा एकच बिंदू या जागा अंगावर काढल्या, तर शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

१४. शर्यतीआधी पेनकिलर घेतली तर?

घेऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी कमी झालेल्या, उन्हात तासन्‌तास धावणाऱ्या शरीरात हाच पुरवठा आधीच घटलेला असतो. आतड्यांनाही त्रास होतो. शिवाय प्रश्न २ मधली सगळी तपासणी वेदनेवर अवलंबून आहे, गोळीने तीच बंद पडते. गोळीशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता येत नसेल, तर ती शर्यत तुमची नाही.

१५. सर्दी आहे. धावू?

त्रास मानेच्या वर असेल (नाक वाहणं, शिंका, घसा किंचित खवखवणं), तर २०-३० मिनिटं सोपं चालेल. ताप, छातीतला खोकला, अंग मोडून येणं, जुलाब असेल तर अजिबात नाही. तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका आहे. ताप औषधाशिवाय उतरून एक-दोन दिवस गेले, की सोप्या धावण्याने सुरुवात करा. जितके दिवस आजारी होतात, तितके दिवस कठीण सत्र नको.

१६. चार दिवस सराव बुडाला. कसा भरून काढू?

काढू नका, वेळापत्रकात आज जे आहे ते करा. चार दिवसांत तंदुरुस्ती जात नाही. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता घसरल्याचं जाणवायला दोनेक आठवडे लागतात. दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला असेल, तर पहिला आठवडा पूर्वीच्या निम्म्या अंतराचा आणि पूर्ण सोपा.

१७. सराव वाढवतोय, तरी वेळ बिघडतेय. अजून जोर लावू का?

हा सगळ्यात धोक्याचा प्रश्न आहे, कारण कष्टाळू माणसाचं उत्तर नेमकं उलटं येतं.

दोन-तीन दिवस पाय जड असणं नेहमीचं. काळजीचं चित्र असं: सकाळी उठल्या उठल्या पल्स नेहमीपेक्षा ५ ते १० ने जास्त, सलग चार-पाच दिवस, दमूनही झोप तुटक, भूक मंदावलेली, घरच्यांवर चिडचिड, सोप्या ५:३० ला जोर ३ ऐवजी ५ वाटणं. कधी कधी उलटंही दिसतं: कठीण सत्रात पल्स चढतच नाही. ती तंदुरुस्ती समजून लोक आणखी धावतात.

यातली दोन-तीन चिन्हं एकत्र दिसली की पाच ते सात दिवस फक्त सोपं, निम्मं अंतर किंवा पूर्ण विश्रांती. आठवड्याने ताजंतवानं वाटलं तर थोडक्यात निभावलं. दोन आठवड्यांनीही फरक नसेल तर डॉक्टरांकडे जा. थायरॉईड, लोह, दबलेला संसर्ग आणि कमी खाणं (प्रश्न १८) यांची लक्षणं हुबेहूब अशीच असतात, आणि ती वगळल्याशिवाय ओव्हरट्रेनिंग (अतिसराव) म्हणता येत नाही. खऱ्या ओव्हरट्रेनिंगमधून बाहेर यायला महिने लागतात. प्रतिबंध साधा आहे: दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर २० ते ३० टक्के कमी.

१८. वजन कमी केलं तर वेग वाढेल ना? माझी पाळी तीन महिने आलेली नाही, पण कोच म्हणतात सरावात असं होतंच.

होतं, पण ते चालवून घ्यायचं नसतं. पाळी थांबणं म्हणजे खाल्लेली ऊर्जा धावण्यातच संपते आणि शरीराच्या बाकीच्या कामांना उरत नाही. हाडांची घनता घटते, ताणाच्या चिरा वाढतात, आजारपणं लांबतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस (खेळातली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) हे नाव दिलं, आणि ते पुरुषांनाही लागू आहे. त्यांच्यात कामेच्छा आणि सकाळची ताठरता कमी होणं हा इशारा असतो. तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टर गाठा, गर्भधारणेची शक्यताही तपासा. वजन उतरवायचंच असेल तर शर्यतीपासून दूरच्या महिन्यांत, सावकाश, आणि कठीण सत्राच्या दिवशी कधीच नाही.

याच तपासणीत फेरिटिनही (लोहाच्या साठ्याचं माप) बघा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. कठीण सत्राच्या दुसऱ्या दिवशी तपासू नका, आकडा खोटा वाढलेला येतो. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तरच, आणि चहा-कॉफीसोबत नको, शोषण घटतं.

१९. दुखापतीमुळे सहा आठवडे धावणं बंद आहे. डोकं फिरायची वेळ आलीय.

वेळापत्रक मोडू नका, त्यातला प्रकार बदला. ज्या वेळी धावत होतात त्याच वेळी पाण्यात धावणं किंवा सायकल, डॉक्टरांनी परवानगी दिलेलं जे असेल ते. ६ × १००० च्या जागी खोल पाण्यात ६ × ४ मिनिटं, मध्ये १ मिनिट. पाण्यात पल्स थोडी कमी राहते, म्हणून जाणवणाऱ्या जोरावर चाला. दुसऱ्यांच्या धावण्याच्या नोंदी दाखवणारं ॲप काही दिवस बंद ठेवलेलं बरं. झोप, भूक किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते नुसतं धावणं चुकल्याचं दुःख नसावं, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

२०. टेपरमध्ये (शर्यतीआधी सराव कमी करतात त्या काळात) पाय उलट जड झाले आणि नवीन दुखणी सुरू झाली. तंदुरुस्ती गेली का?

नाही. दोन आठवड्यांच्या टेपरमध्ये अंतर ४० ते ६० टक्के कमी करतात, पण दिवसांची संख्या आणि वेग तोच ठेवतात. बहुतेक जण वेगही कमी करतात, म्हणून पाय झोपतात. शर्यतीच्या चार दिवस आधी ३ × १००० शर्यतीच्या पेसने करा. नवीन दुखणी बहुतेक वेळा रिकाम्या डोक्याला ऐकू येणारे जुने आवाज असतात. खात्री करायची तर प्रश्न २ ची कसोटी लावा.

२१. वय पंधरा आहे किंवा पंचेचाळीसच्या पुढे आहे. हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखली, तर ती हाडाची वाढती जागा असू शकते. ‘सहन कर’ म्हणू नका, भार कमी करा. पंचेचाळिशीनंतर दोन कठीण सत्रांमध्ये ४८ ऐवजी ७२ तास ठेवा आणि पोटऱ्यांची ताकद आयुष्यभर टिकवा.

२२. शर्यत अर्धवट कधी सोडावी?

वेळ बिघडली म्हणून सोडू नका. ती सवय लागते. सोडायची ती पुढच्या कारणांसाठी: छातीत दुखणं किंवा दाब, धावता धावता भोवळ येणं, श्वास अचानक अपुरा पडणं, गोंधळ, चाल बदलणारी वेदना. यात एक बारकावा आहे. शेवटची रेषा ओलांडून एकदम थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्त पायांत उतरलेलं असतं. झोपवून पाय वर उचलले की बहुधा दोन-तीन मिनिटांत माणूस सावरतो, म्हणून रेषेनंतर चालत राहायचं. पण धावत असतानाच कोणी कोसळला, तर ते हृदयाचं समजून चालायचं. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि कोणाला तरी एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला पिटाळा. असा धावपटू नंतर ठीक वाटला तरी हृदयाची तपासणी होईपर्यंत त्याने एकही सराव करायचा नाही, सोपाही नाही.